दोन वह्यांमधला माणूस

सरकारी मानसिक आरोग्यसेवेचा हिशेब म्हटले, की मासिक अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्रे डोळ्यांपुढे येतात आणि वाचक पान उलटतो. त्यात त्याचा दोष नाही. तरीही वाचकांनी जालना जिल्ह्यापुरते तरी थोडे थांबावे, अशी विनंती आहे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा. मानसिक आजारांवरचे उपचार तालुक्याच्या गावीही करता येतात, हे कर्नाटकातल्या बेल्लारीत दिसले आणि १९९६मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. मराठवाड्याला त्याचे मोल अधिक. कारण राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत, म्हणजे सगळी मराठवाड्याबाहेर. पुढे शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' आला, त्यात जालनाही होता. गावोगावच्या आशा स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, घरोघरी विचारू लागल्या : झोप लागते का, जेवण जाते का, जगणे नकोसे वाटते का? ओळखीच्या घरात, सासू-सुनेच्या देखत, हा शेवटचा प्रश्न विचारून पाहा, म्हणजे त्या कामाची किंमत कळेल.

या विषयात शिरताना कायद्याआधी एका माणसाचा माग काढावा. समजा, भोकरदन तालुक्यातल्या एका तरुणाचे नाव आशाताईंच्या वहीत चढले. आशाताई, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र ही साखळी जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाते. त्याला तपासणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि ग्रामीण रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. पहिल्या वहीत 'पुढे पाठवले' असा शेरा पडला, की तिथले काम संपले. दुसऱ्या वहीत तो पोचला तरच त्याची नोंद. एसटी चुकली म्हणून तो वाटेतूनच परतला, तर दोन्ही अहवाल बिनचूक आणि माणूस कुठेच नाही. सुटसुटीतपणा हवा तो इथे. आणखी एक प्रपत्र नको. दोन्ही वह्यांत चालणारा एकच क्रमांक हवा. शिबिरे किती झाली ते नंतर मोजू. आधी महिन्याने गोळ्या न्यायला किती जण परत आले, ते सांगा.

एवढे ध्यानात आले, की मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हाती घ्या. कलम १८नुसार ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी रुग्णालयांत आवश्यक यादीतली औषधे मोफत आणि सदैव मिळायला हवीत. कलम २८ तक्रारीचा रस्ता दाखवते : आधी रुग्णालयाचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी, समाधान न झाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ. भाषा रुक्ष आहे खरी. पण 'बाहेरून आणा' म्हणून दिलेली चिठ्ठी शेजारी ठेवून वाचलीत, तर ती तशी वाटणार नाही.

तक्रार करण्यातली अडचण निराळीच आहे. ग्रामीण आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख महाराष्ट्रात २००७पासून रुजली. तिच्यातल्या जनसुनवाईत बाया उठून बोलतात, दवाखाना बंद होता म्हणून सांगतात. वेडाचे औषध चालू आहे, हे मात्र भरल्या मांडवात कोण सांगेल? पोरीचे लग्न जमायचे असते. म्हणून नाव झाकून तक्रार कशी ऐकायची, हा प्रश्न आधी घ्यावा. आणि जमल्यास, मानसोपचार ओपीडीच्या दिवशी ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीपासून जरा लांब, बाकावर तासभर बसावे; कोण काय घेऊन परत जाते, एवढेच पाहावे.