विंडोज अपडेट अडलंय? आधी अडवणारा शोधा

पीसीवर अपडेट येईना की आपल्याकडे सरळ फॉरमॅट मारतात. बीडमध्ये ओळखीच्यांचे कॉम्प्युटर बघून माझं मत वेगळं झालंय. बऱ्याचदा विंडोज बिघडलेलं नसतंच, कुणीतरी किंवा कशानेतरी अपडेट थांबवलेलं असतं.

पहिला संशय तुमच्या मोबाईलवर घ्या. हॉटस्पॉटने नेट दिलं की ते कनेक्शन विंडोजमध्ये 'मीटर्ड' धरलेलं असू शकतं, म्हणजे डेटा मोजून वापरायचा. मग मोठे अपडेट ते स्वतःहून उतरवत नाही. सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये हे बटण दिसेल. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर बंद करण्याआधी विचार करा, एकच अपडेट तेवढं खाऊ शकतं.

लाईट जाऊन आली आणि पीसीची तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षात गेली, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपलाय. तारीख चुकली की सर्व्हरचं सर्टिफिकेट विंडोजला खोटं वाटतं आणि कनेक्शनच होत नाही. सी ड्राइव्ह भरलेला नाही ना, तेही बघून घ्या.

खरी गंमत नेटवर्कमधल्या कॉम्प्युटरची. विंडोज अपडेटच्या पानावर 'काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते का? दिसली तर अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'कॉन्फिगर्ड अपडेट पॉलिसीज' उघडा. कोणते नियम लावलेत त्याची यादी तिथे मिळते. मोठ्या ऑफिसात एक डब्ल्यूएसयूएस सर्व्हर असतो. बाकीचे पीसी मायक्रोसॉफ्टकडे न जाता त्याच्याकडेच अपडेट मागतात, आणि अ‍ॅडमिनने मंजूर केलेलंच मिळतं. कॉलेजचा किंवा ऑफिसचा पीसी असेल तर हे नियम स्वतः खोडू नका, अ‍ॅडमिनला ती यादी दाखवा.

पण तोच पीसी सेकंडहँड घेतला असेल तर? कंपन्यांमधून निघालेला माल स्वस्तात विकला जातो, पण त्यात जुन्या ऑफिसच्या सर्व्हरचा पत्ता तसाच राहू शकतो. पीसी तुमच्या घरात, आणि अपडेट मागतोय पुण्या-मुंबईच्या कुठल्यातरी ऑफिसात! अशा वेळी 'चेक ऑनलाइन फ्रॉम मायक्रोसॉफ्ट अपडेट' अशी लिंक दिसली तर तिच्यावरून अपडेट उतरतं. कायमचा उपाय म्हणजे डेटा बाजूला काढून 'रिसेट धिस पीसी'मधून सगळं पुसणं. हा एकच प्रकार असा की तिथे मीही फॉरमॅटच्या बाजूने आहे. रिसेटनंतर जुन्या कंपनीचं लॉगिन मागितलं तर पीसी अजून त्यांच्या नोंदीत आहे. तो मोकळा करून देणं विकणाऱ्याचं काम, त्यामुळे घेतानाच हे विचारून घ्या.

नेट कॅफे आणि लॅबमध्ये आणखी एक भानगड असते, डीप फ्रीजसारखं सॉफ्टवेअर. रिस्टार्ट केलं की पीसी होता तसा! अपडेट झालेला दिसतो आणि पुन्हा गायब होतो. मालकाने पासवर्ड टाकून ते उघडल्याशिवाय काही टिकत नाही. काही जण नेट वाचावं म्हणून विंडोज अपडेटची सर्व्हिसच 'डिसेबल्ड' करून ठेवतात, तेव्हा सर्व्हिसेसमध्ये जाऊन तेही तपासा.

एवढी खटपट कशासाठी? मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने फाईल शेअरिंगमधलं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं. मे महिन्यात त्याच भोकातून वॉनाक्राय जगभर पसरला. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या आला आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. नॉटपेट्या चोरलेल्या पासवर्डनेही पुढे सरकत होता, म्हणून अपडेट केलेला पीसीही सुटेलच असं नव्हतं. पण नेटवर्कमध्ये एक उघडा पीसी म्हणजे बाकीच्यांकडे जायची वाट. ज्या कॅफेत तुम्ही परीक्षेचा फॉर्म भरता, आधार नंबर टाकता, तिथले पीसीही एकमेकांना असेच जोडलेले असतात.

आणि पीसीवर विंडोज १० असेल तर वरचं काहीच अडलेलं नसेल, तरी अपडेट येणार नाही असंही होऊ शकतं. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अपडेटसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. ती सोय आधी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० चिप लागते, त्यामुळे जुना पीसी घेताना रॅमच्या आधी तेवढं विचारा.