पोटहिस्सा : दप्तरांतला आणि संगणकांतला



मुखेड तालुका हैदराबाद संस्थानांत होता, त्या काळच्या जमिनीच्या कागदांत 'शिकमीदार' हा शब्द भेटतो. फारसींत 'शिकम' म्हणजे पोट. जमीन ज्याच्या नांवें तो पट्टेदार. त्याच्यासह त्याच जमिनींत हक्क असणारा तो शिकमीदार. आणि या दोघांपैकीं कोणाकडून घेऊन ती खंडानें कसणारा तो असामी शिकमी. एका नांवाच्या पोटांत दुसरें, दुसऱ्याच्या पोटांत तिसरें! मुंबई इलाख्यांतील मराठीनेंहि हाच मार्ग धरला व सर्व्हे नंबराच्या पोटांत 'पोटहिस्सा' आला.

नमुना छापील, पण त्याच्या पोटांत किती ओळी वाढतील हें आधीं कोणासच ठाऊक नाहीं, हा प्रश्न आज संगणकशास्त्राचा समजतात. आपल्या महसुली दप्तरानें तो कित्येक पिढ्यांपूर्वींच हाताळला आहे.

गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं १८३५ पासून इंदापुराकडे मोजणीची पद्धत बसविली आणि शेताला कायम नंबर मिळाला. शेत स्थिर झालें, पण भाऊ वेगळे होत राहिले. म्हणून १९०३ सालीं मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणीचा कायदा झाला. मराठवाड्यांत १९४८ नंतर, १९५४-५५ च्या सुमारास, खासरा पहाणी झाली. पुढें १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली आणि गांवनमुना सात व बारा मिळून 'सातबारा' सर्वत्र एक झाला.

आतां त्यांतील युक्ति पाहा. खातेदार वारला कीं त्याच्या वारसांची नोंद नमुना सहा-क मध्यें होते, त्यावरून फेरफार लिहिला जातो, आणि मगच सातबारावर नांवें चढतात. हस्तलिखित उताऱ्यावर जुनें नांव पुसून टाकीत नसत. त्याला कंस करीत व नव्या नांवाशेजारीं फेरफाराचा क्रमांक वर्तुळांत लिहीत. चौदा नंबराचे हिस्से चौदा-एक, चौदा-दोन. पुढें दोनाचे पुन्हां अ आणि ब. क्रमांकच आपली वंशावळ सांगतो. १९५६ चा हिंदु वारसा कायदा व त्याची २००५ ची दुरुस्ती यांनीं मुलींचे हक्क वाढविले व ओळी वाढल्या. तरी नमुना मोडला नाहीं.

संगणकावरील पत्रकाची अडचण हीच आहे. जाळ्यावरून भरलेलें साधें पत्रक एका सपाट यादीच्या रूपानें पोंचतें. रकान्याचें नांव आणि त्याची किंमत, एवढेंच. कोण कोणाच्या पोटांत, हें रकान्याच्या नांवांतच सांगावें लागतें : पहिलें खातें, त्यांतील तिसरा वारस, त्याचा हिस्सा. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या जावा या संगणकभाषेंत काम करणाऱ्यांनीं यासाठीं स्ट्रट्स, स्प्रिंग अशा चौकटी रचल्या. त्या हीं नांवें वाचून वृक्ष पुन्हां उभा करतात आणि नवी ओळ आली कीं यादी लांबवितात. मात्र खोडसाळपणें कोणी एकदम दहा लाखावी ओळ पाठविली तर यंत्राची स्मृति भरून जाईल. म्हणून स्प्रिंगनें आपण होऊन २५६ ची मर्यादा घातली आहे. ती गरजेप्रमाणें बदलतां येते.

खरा धोका ओळ वगळतांना असतो. तिसरा वारस पडद्यावरून काढला कीं चौथा तिसऱ्याच्या जागीं सरकतो. यंत्रानें केवळ स्थानावरून ओळख धरली, तर चौथ्याचा हिस्सा तिसऱ्याच्या नांवावर बसेल. म्हणून जाणता रचनाकार प्रत्येक ओळीला स्वतःचा कायम क्रमांक देतो, आणि गेलेली ओळ पुसण्याऐवजीं तिच्यावर खूण करतो. हा तलाठ्याचा कंसच नव्हे काय?

ही बारकाई पंडितांपुरती नाहीं. एक ओळ सरकली तर एखाद्या विधवेचें नांव उताऱ्यावरून जातें. त्या नांवावरच तिचें पीककर्ज आणि वांटणी अवलंबून असते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी आपलें पीक फोनवरून नोंदवूं लागला. सोय मोठी झाली. तरी घरीं जुना हस्तलिखित उतारा असेल तर तो नव्याशेजारीं ठेवून नांवें आणि हिस्से ताडून पाहावेत. लेखनांतील चूक आढळल्यास संहितेच्या कलम १५५ खालीं तहसील कचेरींत दुरुस्ती मागतां येते. शिकमीदाराचें नांव पट्टेदाराच्या पोटांत सुरक्षित राहिलें तें ओळ पुसावयाची नाहीं या शिस्तीमुळें. यंत्रालाहि तीच शिस्त लावली पाहिजे.