भलतंच सापडलं!

टेस्टिंगमध्ये अपेक्षित उत्तर आलं नाही की आम्हा इंजिनियर लोकांचं ठरलेलं वाक्य असतं : "नॉइज असेल रे, सोड." गेल्या आठवड्यात मी ते दोनदा म्हटलं. म्हणून आजची ही गोष्ट.

१९४६ साली यर्क्स वेधशाळेत सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी गणितानं दाखवलं, की अतितप्त ताऱ्याच्या कडेकडून येणाऱ्या प्रकाशात ध्रुवीकरण असायला हवं. म्हणजे त्याच्या लहरी एका ठरावीक दिशेत जास्त डोलायला हव्यात. अडचण अशी, की अख्ख्या ताऱ्याचा प्रकाश एकत्र आला की हा परिणाम पुसला जातो. जोडीतल्या एका ताऱ्यानं दुसऱ्याला ग्रहण लावलं, तरच तो दिसणार. विल्यम हिल्टनर आणि जॉन हॉल तो शोधायला निघाले.

ध्रुवीकरण सापडलं, पण भलतंच! ग्रहण असो वा नसो, ते बदलेचना. आजूबाजूच्या साध्या ताऱ्यांतही तेच. दोघांनी ते नॉइज म्हणून टाकून दिलं नाही, १९४९ साली छापलं. कारण ताऱ्यांत नव्हतंच, वाटेतल्या धुळीत होतं. लांबुळके धूलिकण एका दिशेत शिस्तीत उभे होते. त्यांना रांगेत कोण उभं करतं? चुंबकीय क्षेत्र, असं डेव्हिस आणि ग्रीनस्टीन यांनी १९५१ मध्ये मांडलं.

आता गंमत बघा. १९५३ साली याच 'फसलेल्या' शोधाकडे चंद्रशेखर स्वतः वळले, सोबत एन्रिको फर्मी. तार जितकी ताणलेली, तितकी ती वाऱ्यानं कमी हलते. तसंच, ध्रुवीकरणाच्या दिशा किती विखुरल्यात यावरून त्यांनी क्षेत्राची ताकद काढली : सुमारे ७ मायक्रोगॉस. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण लाखाव्या हिश्शाएवढी!

एवढ्याशा ताकदीनं काय होतं? तर गुरुत्वाकर्षण वायूचा ढग आवळायला लागलं, की हे क्षेत्र विरोध करतं. पुरेसं वस्तुमान नसलेला ढग अडून राहतो. १९५६ साली मेस्टेल आणि स्पिट्झर यांनी यातली पळवाटही दाखवली. चुंबकाची थेट पकड फक्त विद्युतभारित कणांवर असते; उरलेला वायू त्यांच्यामधून हळूहळू निसटून आत जमतो. तारा जन्मतो, पण सावकाश.

ढगांतली खळबळ आणि नव्या ताऱ्यांचे झोतही हा वेग रोखतात. कुणाचा वाटा किती, यावर अजून वाद आहेत. पण ब्रेक आहे हे नक्की. आपल्या आकाशगंगेत वर्षाला जेमतेम एक-दोन सूर्यांएवढे तारे बनतात. गुरुत्वाला मोकळं रान मिळालं असतं, तर बहुतेक वायू केव्हाच खर्ची पडला असता.

आणि ते मूळ भाकीत? अल्गोल या ताऱ्याच्या ग्रहणात ते १९८३ साली सापडलं. त्याच वर्षी चंद्रशेखरांना नोबेल मिळालं, अर्थात दुसऱ्या कामासाठी. म्हणजे गणितही बरोबर होतं आणि तो 'नॉइज'सुद्धा.

असो. सोमवारी ऑफिसात गेल्यावर ते दोन लॉग पुन्हा उघडायचेत.