सूत विकणारी मुंबई, माग विकणारा जपान

निर्यात वाढली की गरिबी हटते, असे आपल्याला सांगितले जाते. पण निर्यात कशाची, आणि ती वस्तू बनवण्याचे ज्ञान कोणाला मिळाले? हिडाल्गो आणि हाउसमन या अभ्यासकांनी २००९ मध्ये देशोदेशींच्या निर्यातीची आकडेवारी तपासून दाखवले की, अनेक कौशल्ये लागणाऱ्या गुंतागुंतीच्या वस्तू विकणाऱ्या देशांचे उत्पन्न पुढे वाढते. मुंबई आणि जपानचा इतिहास हेच सांगतो.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीचा पाया घातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे जाडेभरडे सूत चीनला जात होते. यंत्रे मात्र इंग्लंडहून येत. जपाननेही सुरुवातीला इंग्लंडचीच यंत्रे आणली. पण आधी सूत, मग कापड, मग यंत्र अशा पायऱ्या तो चढत गेला. १८७२ मध्येच त्याने सर्वांसाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला होता. साकिची तोयोदा या सुताराच्या मुलाने १९२४ मध्ये स्वयंचलित माग पूर्ण केला. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्याच प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले!

जपान काही आदर्श नव्हता. तिथे गिरण्यांत कोवळ्या मुली राबवल्या गेल्या, बुराकू समाजाचा छळही थांबला नाही. आणि मुंबई मागे पडली ती केवळ जातीमुळे नव्हे. इंग्रज सरकारने १८९६ मध्ये इथल्या गिरणी कापडावर साडेतीन टक्के कर लादला होता. पण तो कर १९२६ मध्ये रद्द झाला. विणकाम खात्याचे दार अस्पृश्यांसाठी १९२८ मध्येही बंदच होते. तिथे पगार जास्त, कौशल्य जास्त. पण धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून सवर्ण कामगारांना विटाळ होई! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला.

शेतीवरचा भार हलका करायचा तर औद्योगिकीकरण हवे, हे त्यांनी १९१८ मध्येच मांडले होते. पण उद्योग आला तरी जात गिरणीच्या दारात थांबली नाही, ती आत शिरली. गुंतागुंतीची वस्तू अनेकांचे ज्ञान एकत्र आल्याशिवाय बनत नाही. जात नेमके तेच एकत्र येऊ देत नाही.

म्हणून शिष्यवृत्ती आणि आरक्षण ही कोणाची मेहेरबानी नाही. देशाच्या उत्पन्नाचा तो पाया आहे. निर्यातीचे आकडे कोणी तोंडावर फेकले, तर एवढेच विचारा: यंत्राचा आराखडा काढणाऱ्या खोलीत आपली किती माणसे आहेत?

जय भीम!