नाशिकचे तांबटकाम व चांदीकाम

तांब्या-पितळेची भांडी, चांदीची पूजोपकरणे आणि कुलदैवतांचे टाक घडविणारा नाशिक शहरातील परंपरागत हस्तव्यवसाय. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जेथे एकमेकांस छेदतात त्या द्वारका चौकातून सारडा सर्कलच्या अंगाने जुन्या गावात शिरून गोदावरीकडे उतरू लागले म्हणजे भांडी बाजार, सराफ बाजार आणि तांबट लेन हा या कसबाचा मूळ मुलूख लागतो. नदीच्या इतक्या शेजारामुळे 2008 व 2016 या साली पुराचे पाणी या पेठांत शिरले. गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीची मूर्ती कोठवर बुडाली हे पाहून पुराचा अदमास बांधण्याची येथील दुकानदारांची रीत आजही मोडलेली नाही.

मोगल अमदानीत गुलशनाबाद हे नाव धारण केलेले हे क्षेत्र पेशवाईत पुन्हा भरभराटीस आले. घाट, देवालये व वाडे यांच्याबरोबरच भांडी, समया व देवांचे जिन्नस यांची मागणी वाढली आणि स्वतःस त्वष्टा कासार म्हणविणाऱ्या तांबटांचा भाता येथे स्थिरावला. पुणे रस्त्यानेच पुढे नाशिकरोडला 1925 साली सरकारी प्रतिभूती मुद्रणालय उभे राहिले व नाशिकचे नाव छापील कागदाशी जोडले गेले. परंतु गावाची जुनी ओळख धातूची, हे विसरता येत नाही.

तांबटाचे काम पाहण्यापूर्वी ऐकू येते. तांब्याचा पत्रा भट्टीत लाल होईतो तापवून नरम करावयाचा, खोडावर वा ऐरणीवर धरून लाकडी मोगरीने त्यास पोट आणावयाचे, ठोकता ठोकता धातू ताठरला की पुन्हा ताव द्यावयाचा, चिंचेच्या आंबट पाण्याने काळिमा काढावयाचा, आणि अखेरीस गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने एकाशेजारी एक असे ठोके देत जावयाचे, असा हा क्रम आहे. या अखेरच्या ठोक्यांना मठार म्हणतात. त्यांनी भांड्यास आरशासारखी झळाळी येते एवढेच नव्हे, तर पत्राही कणखर होतो. त्यास केवळ नक्षी समजणारा ग्राहक अर्ध्याच गुणाची किंमत देतो. घंगाळ, बंब, हंडा, कळशी, तपेली, ताम्हन, पळी-पंचपात्र ही या हाताची जुनी संतती होय.

यात्रेकरूंसाठी घडणारा गंगाजळीचा गडू हा या व्यवसायाचा खरा नाशिकी नमुना म्हणावा लागेल. गोदावरीस येथे गंगाच म्हणतात. रामकुंडावर भरलेला चिमुकला तांब्याचा गडू डाक देऊन तोंडबंद केला की थेंबही न सांडता तो परमुलखी घरच्या देवघरापर्यंत पोहोचतो. दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात, जसे 2003 व 2015 साली, अशा जिनसांना विशेष उठाव मिळतो. आज जिला भेटवस्तू असे कोरडे नाव मिळाले आहे, ती वस्तू येथे पूर्वी प्रसाद, आहेर किंवा आंदण म्हणूनच घराबाहेर पडत असे.

स्टेनलेस स्टीलने स्वयंपाकघर व्यापले, बंबाची जागा विजेच्या उपकरणांनी घेतली आणि कल्हईवाल्याची हाक दुर्मीळ झाली, तेव्हा या कसबाचा चुलीजवळचा आश्रय तुटला. देवघर मात्र त्यास सोडून गेले नाही. सराफ बाजारातील टाक हे त्याचे बोलके उदाहरण होय. टाक म्हणजे देवतेची आकृती उठविलेला चांदीचा, क्वचित सोन्याचा वा पितळेचा, लहानसा पत्रा. राळेच्या थरावर पत्रा बसवून बारीक छिन्नीने, किंवा ठशावर दाबून, आकृती उठविली जाते. खंडोबाच्या टाकात घोड्यावर तलवार उगारलेला देव, संगे म्हाळसा आणि खाली कुत्रा एवढे सारे दोन बोटांच्या जागेत बसवावे लागते. भवानीच्या टाकात महिषासुर पायाशी येतो. पूर्वजांचे व वीरांचेही टाक पूजेत असतात.

मायभूमीपासून दुरावलेल्या समाजांत अशा लहान वस्तूंना किती वजन येते, हे आर्मेनियन लोकांकडे पाहिले म्हणजे कळते. व्यापारानिमित्त मुंबईत वसलेल्या या ख्रिस्ती समाजाने 1796 साली कोटात आपले चर्च बांधले. शिळेवर क्रूस व वेलबुट्टी कोरण्याच्या त्यांच्या खाचकार या कलेस युनेस्कोने 2010 साली मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले, आणि त्याच क्रूसाची चांदीतील लहान रूपे देशोदेशीच्या आर्मेनियन घरांतून भेट म्हणून फिरतात. परदेशी निघालेल्या मराठी कुटुंबाच्या सामानातही कापडात गुंडाळलेले टाक असतात, ते याच न्यायाने.

भाऊ विभक्त झाले की धाकट्याच्या घरी नवे टाक घडवून घेतले जातात. नित्य स्नान, हळद आणि पुसणे यांनी जुन्या टाकावरील देवाचे नाकडोळे झिजून सपाट होतात. असे टाक काही घरांत नदीत विसर्जित करतात, तर काही घरांत सोनाराकडे देऊन तीच चांदी नव्या टाकात मिसळावयास सांगतात. अशा वेळी ती वेगळ्या मुशीत, शक्य तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, आटवावी असा घरच्या वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो.