‘वेस्ट’: एका भूवाचक शब्दाच्या अर्थच्छटा

‘हीथ’, ‘मूर’ आणि ‘वेस्ट’ हे इंग्रजी शब्द कोशात शेजारी आढळतात. मात्र पहिले दोन भूमीचे रूप सांगतात, तर तिसरा मनुष्याचा तिच्याशी असलेला संबंध. मध्ययुगीन इंग्लंडच्या जमीनदारीत ‘वेस्ट’ म्हणजे नांगराखाली न आलेली जमीन. ती निरुपयोगी नव्हती. तेथे गुरे चारण्याचा व सरपण नेण्याचा हक्क ग्रामस्थांना असे. १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शासनविषयक दुसऱ्या प्रबंधात जॉन लॉकने मशागतीविना निसर्गावर सोडलेल्या भूमीस ‘वेस्ट’ म्हटले, आणि वर्णनातील मूल्यनिर्णय बळावला. पुढे १८०१ व १८४५ च्या कायद्यांनी सामायिक जमिनींना कुंपण घालणे सुकर केले. जॉन क्लेअर या कवीच्या हेल्पस्टन गावासाठी असा कायदा १८०९ मध्येच झाला होता. त्याच्या कवितेतील शोक या हरवलेल्या हक्काचाही आहे. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’मध्ये (१९२२) मात्र हाच शब्द आत्मिक वांझपण सुचवतो.

मराठीत ‘पडीक’ लागवडीचा अभाव सांगतो, ‘ओसाड’ मनुष्यवस्तीचा. ‘गायरान’ मात्र गावाचा हक्क सांगतो. एलियटला ‘ओसाड’ चालेल. क्लेअरच्या संदर्भात तोच शब्द योजला, तर कुंपण घालणाऱ्याचीच दृष्टी अनुवादात शिरते. पर्यायाची निवड ही म्हणूनच केवळ कोशाची बाब उरत नाही.