पार्सिंगचं आजोळ

नृसिंहवाडीला औदुंबराखाली सकाळी एकाच वेळी कितीतरी पारायणं चाललेली असतात. कुणी गुरुचरित्राच्या चौदाव्या अध्यायात, कुणी अठराव्यात. एखादा अडखळतो, बोट मागं नेऊन ओवी पुन्हा वाचतो. शेजारी मान वर करत नाही. उणं-अधिक झालं असेल त्याची क्षमा शेवटी मागायची. हजारो फाइलींचा सोर्स कोड एकदम वाचणाऱ्या प्रोग्रॅमकडून मला हेच हवं असतं.

या वाचण्याला पार्सिंग म्हणतात. शब्द लॅटिनमधला: ‘पार्स’ म्हणजे भाग. हा शब्द वाक्याचा कोणता भाग, असं मास्तर विचारत, त्यातून क्रियापद बनलं. आपल्याकडे त्यालाच ‘व्याकरण चालवणे’ म्हणतात. भारदस्त नाव पदपरिस्फोट. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836 सालचं. अल्गोल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं व्याकरण 1960 मध्ये बॅकस यांच्या सूत्रपद्धतीत मांडलं गेलं, तेव्हा यंत्रासाठीच्या भाषेलाही असं नेमकं व्याकरण मिळालं. ही पद्धत पाणिनीच्या नावानंही ओळखावी, असं 1967 मध्ये पीटर इंगरमन यांनी सुचवलं. मला ते पटतं.

वाचताना सापडलेल्या चुकीचं काय करायचं, हा प्रश्न पंचकार्डांच्या काळातला. कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि निकालाची वाट बघायची. कोड वाचून त्याचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर एका स्वल्पविरामापाशी थांबला, तर पुढची चूक कळायला पुन्हा तेवढाच खोळंबा. म्हणून तो चूक टिपून पुढच्या अर्धविरामापर्यंत उडी मारायला शिकला.

फाइली वाटून वाचायची सोय नंतरची. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये ‘मेक’ हे अनेक फाइलींमधून प्रोग्रॅम बांधणारं साधन लिहिलं. आजच्या मेकला ‘-जे’ सांगितलं की कामं एकदम सुटतात आणि ‘-के’ सांगितलं की एक अडलं तरी त्यावर न अवलंबणारी चालू राहतात. अवलंबून असणं हीच खरी मेख. सी भाषेत ‘अ * ब;’ दिसलं, तर ‘अ’ हे प्रकाराचं नाव आहे की साधं चल, हे आधीच्या ओळींतून किंवा हेडर फाइलीतून कळल्याशिवाय तो गुणाकार की पॉइंटरची घोषणा, ठरत नाही.

असा फाइली वाटून वाचणारा प्रोग्रॅम मी पहिल्यांदा लिहिला तेव्हा प्रत्येक थ्रेडमधली, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक वाचनातली, चूक पकडली आणि तिथंच गिळली. प्रोग्रॅम बिनतक्रार संपला, पण यादीत एक फाइल कमी. रात्रभर शोधल्यावर सापडली: कुणीतरी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टीप लिहून ठेवली होती, तिचे बाइट यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात बसत नव्हते.